डावा पीळ, उजवा पीळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी माझ्या वहिनीचं नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वहिनीनं डबा करून दिला असेल, कपडे धुतले असतील. तेही तिनं केलं. पण खरी गोष्ट वेगळी आहे. मारेगावला माझ्या दादाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दहावी झाली की मी त्या दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं होतं. इतकं ठरलेलं की त्यावर कधी बोलणंसुद्धा झालं नव्हतं. आई-वडील दोघंही मजुरीला जात. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वहिनी लग्न होऊन आली त्याच्या पुढच्याच वर्षी माझा निकाल लागला. त्या दिवशी ताटं वाढता वाढता ती दादाला म्हणाली, "याले पुढं शिकू द्या. दुकानात तुमाले एक माणूसच पायजे ना? मी हाव."

दादा हसला. "तू? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन का वायरिंगवाल्याची बायको वायर सोलते. खोटं हाय का?"

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून दुकानात गेली आणि माझ्यासाठी ठेवलेल्या जागेवर बसली. मी यवतमाळला शिकलो, मग अमरावतीला. आता उमरखेडला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. फळ्यावर विद्युतप्रवाहाचं सूत्र लिहितो तेव्हा माझे हात स्वच्छ असतात. मला ते दर वेळी जाणवतं.

दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड. गाडी कंपनीतून येते तेव्हा तिच्यात लागतं तेवढं सगळं असतं, पण आमच्याकडच्या लोकांना तेवढं पुरत नाही. टपावर निळ्या लाइटची माळ पाहिजे, पुढे दोन जादा फोकस पाहिजेत, मोठा हॉर्न, गाणी, मागे घेताना वाजणारी घंटी. या प्रत्येकाला करंट कुठून तरी द्यावा लागतो. दादा टेस्ट लॅम्पनं जिवंत तार शोधायचा. ती न तोडता मधूनच बोटभर सोलायचा, तिच्यावर नवी तार गुंडाळायचा आणि वर काळी चिकटपट्टी मारायचा. पाटाच्या पाण्याला बाजूनं वाट करून द्यावी तसं. या कामाला कोणी शाळा नाही, म्हणून प्रत्येक मिस्त्रीचा हात वेगळा असतो. अक्षर वेगळं असतं तसा. दादाचा पीळ उजवीकडे जायचा, घट्ट, एकावर एक न चढता. शेवटी तारेचं जे शेपूट उरायचं ते तो बॅटरीच्या दिशेनं मागे दुमडायचा. पट्टीच्या आतून तारेचं टोक वर येऊ नये म्हणून.

वहिनी डावखोरी. तिनं शेपूट दुमडायला शिकून घेतलं, पण तिचा पीळ डावीकडेच जायचा.

"तुह्या हातची गाडी उलटी चालन एक दिवस," दादा म्हणायचा.

"हॉर्न वाजते ना? मंग."

मग दादाला साखरेच्या आजारानं धरलं. आधी नजर धूसर झाली, मग एक डोळा गेला, मग दुसऱ्याचाही भरवसा राहिला नाही. पण दुकान बंद झालं नाही. शेवटची दोन वर्षं काम वहिनीच्या हातांनी झालं आणि दादाच्या बोटांनी. गाडीच्या पुढच्या पत्र्याखाली हात घालून तो वायरींचा जुडगा चाचपायचा, डोळे मिटून, जणू उघडे ठेवले तर दिसण्याचा त्रास होईल. मग एका तारेवर बोट थांबायचं. "हां. ही. इथून घे." वहिनी तिथून घ्यायची. जोड झाला की तो अंगठ्यानं दाबून पाहायचा. "डावा हाय, पण पक्का हाय." शेवटी ती चालकाच्या सीटवर चढून बटण दाबायची आणि लाइट लागला की मोठ्यानं ओरडायची, "लागला!" कारण लाइट लागला हे त्याला दिसत नव्हतं.

दादा गेला तेव्हा त्याचं वय जाण्याचं नव्हतं. जलदान विधीला तालुक्यातले गाडीवाले आले होते. विहारासमोर गाड्यांची रांग लागली होती, आणि त्या रांगेतल्या निम्म्याहून अधिक गाड्यांच्या टपावर निळ्या लाइटची माळ होती.

आमच्या घरात भूत मानत नाहीत. आजोबांनी देव्हारा नदीत सोडला तेव्हाच भुतंही सोडून दिली, असं वडील हसून सांगत. मीही मानत नाही, आणि मानायचं नाही हे मी मुलांना शिकवतो. पण दादा गेल्यावर मला एक सवय लागली. रस्त्यात एखादी मारेगावकडची गाडी उभी दिसली की मी तिच्या खिडकीतून आत पाहतो. दादा जादा बटण कधीही कंपनीच्या बटणांजवळ लावायचा नाही. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, खाली, टिनाचा एक लहान तुकडा कापून त्यावर लावायचा. तो तुकडा दिसला की मी थांबतो. हे बटण कोणीतरी रोज सकाळी दाबतं. दाबलं की करंट दादाच्या पिळातून जातो आणि पुढे काहीतरी लागतं, वाजतं, फिरतं. ज्याचा हात त्यात आहे तो माणूस आता नाही, पण हात आहे. उमरखेडच्या बाजारात एकदा अशाच एका गाडीचा हॉर्न माझ्या मागे वाजला. मी बाजूला झालो नाही, उभाच राहिलो. चालक ओरडला, "ओ सर, मरता का?"

वहिनी दुकान एकटी चालवू लागली. सुट्टीत गेलो की मी दुकानाच्या बाकावर बसायचो. तिचं काम मी पाहिलं आहे. ती जोड मारते, बटण दाबते, लाइट लागतो आणि ती अजूनही ओरडते, "लागला!" रिकाम्या स्टुलाकडे पाहून. नवीन गिऱ्हाईक दचकतं. जुनं गिऱ्हाईक खाली पाहतं. मग पट्टी मारायच्या आधी ती क्षणभर थांबते. तारेवरून हात बाजूला करून थांबते. कोणीतरी अंगठ्यानं दाबून पाहावं म्हणून जागा करून देते, असं मला वाटायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "सवय हाय. सवयीले काय भेतो?"

मागच्या कापसाच्या हंगामात एक गाडी जळाली.

मुकुटबनचा एक चालक जिनिंग कारखान्यात कापूस टाकून रिकामा परत चालला होता. भर दुपारी, सरळ रस्त्यावर, पुढच्या पत्र्याखालून धूर निघाला. त्यानं गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार हातानं उपसून काढायला गेला. तार निघाली, पण तोवर हात भाजले होते. केबिनमध्ये टाकलेल्या ताडपत्रीला चिकटलेल्या रुईनं पेट घेतला आणि गाडीचा पुढचा भाग सगळा गेला. माणूस वाचला. गाडीची वायरिंग आमच्या दुकानातली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चहाच्या टपरीवर लोक बोलू लागले. वहिनी दुकानासाठी चहा आणायला गेली असताना कोणीतरी तिला येताना पाहूनच म्हणालं, "आंधळ्यानं पाह्यलं अन् बाईनं जोडलं. मंग काय होईन बे?" ती चहा घेऊन आली. पण तिनं मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात ते वाक्य होतं.

"बाबू, रविवारी येतो का?"

"काय झालं वहिनी?"

"मुकुटबनले जा. गाडी त्याच्या घरीच पडून हाय. कोणाचा जोड जळला ते पाय. उजवा का डावा. बाकी काई नको."

"तूच का नाही जात? तुला एका नजरेत कळेल."

"त्याचे हात मले पाहवणार नाईत." मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. "माहा असन तर मी दुकान बंद करतो. बस्स झालं मंग. पण माहाच असो बाबू. त्याईचा नको."

फोन ठेवल्यावर मला कळलं की ती माझ्याकडून उत्तर मागत नव्हती. दोन उत्तरं होती आणि दोन्ही तिचंच काहीतरी घेऊन जाणारी होती. तिचा जोड निघाला तर दुकान जाणार होतं. दादाचा निघाला तर दादा जाणार होता, दुसऱ्यांदा. आणि या जागेवर ती मुळात माझ्यामुळे बसली होती.

रविवारी मी मारेगावहून शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन निघालो. वेचणी संपत आली होती. शेतात कापसाची पऱ्हाटी उभी होती, पानं झडलेली. कापसाच्या गाड्या गेलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या बाभळींना रुईचे पुंजके अडकलेले असतात, तसे ते अडकलेले होते. वारा नव्हता तरी ते हलत होते. मागून येणाऱ्या गाड्यांमुळे हलत असतील. मी प्रत्येक गाडीला आधी पुढे जाऊ दिलं.

चालकाचं घर गावाच्या टोकाला होतं. तो अंगणात खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. हातांची कातडी नवी, गुलाबी आणि ताणलेली. शर्टाची बटणं कोणीतरी एक घर चुकवून लावून दिली होती.

"जय भीम," मी म्हणालो.

"जय भीम सर, या. हात मिळवता येत नाई, माफ करा." तो स्वतःच हसला. "विम्याचे माणसं आले, फोटू काढून गेले. तुमीबी फोटू काढता का?"

"नाही. मला फक्त वायरिंग पाहायची आहे."

"पहा ना. पण आधी कोंबडीले विचारा. तिचं घर हाय आता ते."

गाडी परसात कडुलिंबाखाली होती. चालकाच्या सीटच्या स्प्रिंगांत खरंच एक कोंबडी बसली होती. मी पत्र्याखाली हात घातला आणि ती ओरडत बाहेर उडाली. चालक मागून म्हणाला, "तिचं काई खरं मानू नका. ती माह्यावरबी ओरडते."

महिना उलटून गेला होता तरी जळक्या प्लास्टिकचा वास गेलेला नव्हता. तो वास मला ठाऊक होता. दादाच्या शर्टाला तोच यायचा. जुडगा काळा पडून एकमेकांत वितळला होता. मी तो बोटांनी चाचपत गेलो, आणि तेव्हा मला जे वाटलं ते मी मुलांना सांगणार नाही, पण इथे लिहितो. माझं बोट जिथं जात होतं तिथं माझ्या आधी दुसरं बोट जाऊन आलेलं होतं. हा भास नव्हता. ते खरंच जाऊन आलेलं होतं. वाकणावर जिथं थांबावंसं वाटलं तिथं दादाही थांबला असणार. मी मान वर केली नाही. वर केली असती तर चालकच दिसला असता, हे माहीत असून केली नाही.

पहिला जोड सापडला तो पुढच्या फोकसचा. पट्टी अर्धी वितळली होती. मी चाकूनं खरवडली. आत तांबं लालसर, चकचकीत निघालं. पीळ डावीकडे गेलेला होता. शेपूट मागे दुमडलेलं. ओढून पाहिलं, हललंसुद्धा नाही. मी श्वास सोडला.

मग तीच तार धरून बॅटरीकडे सरकलो. वीतभर अंतरावर दुसरा जोड होता. म्हणजे जोडाचं जे उरलं होतं ते होतं. तारेचे धागे वितळून टोकांना मोहरीएवढे गोळे झाले होते. पण मधला भाग शिल्लक होता आणि त्यावर पीळ दिसत होता. उजवीकडे जाणारा, एकावर एक न चढलेला. शेपूट बॅटरीच्या दिशेनं दुमडलेलं. तिथून जाळ सुरू झाला होता. जोड वर्षानुवर्षं हादऱ्यांनी सैल झाला असणार, तापला असणार, आवरण वितळून तार पत्र्याला लागली असणार. शॉर्ट सर्किट झालं असणार. एवढ्यानं गाडी जळत नाही, फ्यूज उडतो आणि सगळं बंद होतं. म्हणून मी फ्यूजकडे गेलो. फ्यूजच्या जागी फ्यूज नव्हता. तांब्याच्या तारेचे पीळ देऊन बसवलेले धागे होते. तोही पीळ उजवा.

मी बाहेर आलो. चालक माझ्याकडे पाहत होता.

"इथला फ्यूज काढून तार कोणी घातली?"

"मीच घालायला लावली जी. तुमच्या दादाले मीच म्हणलं. तेव्हा त्याचे डोळे चांगले होते. फ्यूज सारखा उडे. एकदा वेचणीच्या बाया भरून येऊन राह्यलतो, जंगलात लाइटच गेले. बाया रडाले लागल्या. म्हणून मी त्याले म्हणलं, डायरेक्ट करून दे, मले मधात बंद पडली नाई पायजे. तो नाईच म्हणत होता. मंग म्हणला, करून देतो, पण आठ दिवसानं ये, कोणती तार घासते ते पाहून नीट करून देतो."

"मग?"

"मंग काय? गाडी चालून राह्यली होती. चालत्या गाडीले कोण हात लावते?"

हे वाक्य मी दुकानात शेकडो वेळा ऐकलं आहे. आमच्याकडचा नियमच आहे तो. चालू आहे तोवर उघडायचं नाही. दादाही तेच म्हणायचा. पुढे दोन वर्षांपूर्वी हाच चालक फोकस लावायला आला तेव्हा दादाला दिसत नव्हतं. त्यानं बोटांनी तार शोधली, आपलाच जुना जोड चाचपला, तो हाताला पक्का लागला आणि वहिनीला म्हणाला असेल, इथून घे. मागे फ्यूज नाही हे तो विसरला होता, की आपण नंतर नीट केलं असं समजत होता, हे आता कोणाला विचारणार? वहिनीनं तिथून घेतलं. फोकसचा भारही त्याच तारेवर आला.

"मंग कोणाचा हाय?" चालकानं विचारलं. टपरीवरचं बोलणं त्याच्यापर्यंतही पोचलं होतं.

"दादाचा."

त्यानं हात उचलायचा प्रयत्न केला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "भाभीले सांगू नका सर. उंदरानं वायर खाल्ली म्हना. उंदीर खातेच. माह्या तोंडून बी तेच निंघन. सारे मानतीन. गेलेल्या माणसाले कायले ओढता?"

परतीच्या वाटेवर मी तो उंदीर मनात बराच वेळ बाळगला. सोपा होता. त्याच्यानं दुकान वाचत होतं, दादा वाचत होता, टपरीचं तोंड बंद होत होतं. एखाद्या सभ्य माणसानं हातात दिलेलं खोटं किती हलकं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

दुकानाशी पोचलो तेव्हा वहिनी एका ट्रॅक्टरखाली वाकलेली होती. ती उभी राहिली, हात पुसले, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि तिनं हात वर केला.

"आत्ता नको. जेव आधी."

घरी तिनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. स्वतः उंबऱ्यात बसली, पाठ माझ्याकडे करून. मी जेवत होतो आणि ती बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ऐकत होती. मधूनच म्हणायची, "ही आपली," किंवा "ही पांढरकवड्याची, आपली नाई." हॉर्नवरून ओळखत होती.

स्टँडवर ती मला सोडायला आली. एसटी लागली, मी खिडकीशी बसलो. ती खिडकीखाली उभी राहिली.

"माहाच हाय ना?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात आशा होती. आयुष्यात मी इतकी विचित्र आशा कोणाच्या आवाजात ऐकली नाही.

"वहिनी..."

"थांब. लिहून पाठव. तू बोलला तर मी एकदाच ऐकन, अन् ते बी रडण्यात जाईन. लिहिलं तर मले पुन्हा पुन्हा पाहता येते. काई लपवू मात्र नको. तुले त्यासाठी शिकवलं नाई आमी."

गाडी निघाली. संध्याकाळ होत होती आणि समोरून येणाऱ्या गाड्या एकेक लाइट लावत होत्या. जादा फोकस, निळ्या माळा. पुढून येऊन बाजूनं निघून जात होत्या. पहिल्यांदाच मला हे सुचलं की दादानं असं एकाच गाडीत केलं नसणार. जंगलातून येणाऱ्या जाणाऱ्या, मधेच बंद पडणं न परवडणाऱ्या कितीतरी गाड्या होत्या. त्या सगळ्यांना त्यानं आठ दिवसांनी ये म्हटलं असणार, आणि गाडी चालत राहिली म्हणून कोणीच आलं नसणार. तोच उजवा पीळ, तीच तांब्याची तार, काळ्या पट्टीखाली. समोरून येणाऱ्या प्रत्येक उजेडात मी त्याला पाहत होतो. आतापर्यंत मला वाटत होतं की त्या गाड्यांमध्ये माझा दादा उरला आहे, आणि त्याचं मला बरं वाटत होतं. यवतमाळला गाडी बदलताना मी स्टँडवरच्या पाण्यानं तोंड धुतलं. उंदीर तिथंच सोडला.

उमरखेडला घरी पोचल्याबरोबर लिहायला बसलो. टपालानं बरेच दिवस लागले असते, म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरजवळ पत्र दिलं. तो यवतमाळला मारेगावच्या गाडीत देणार होता. त्या पत्राची नक्कल मी ठेवली नाही, पण ते इतक्या वेळा मनात लिहिलं होतं की अजून पाठ आहे.

वहिनी,

तू उजवा की डावा एवढंच विचारलंस, म्हणून ते आधी सांगतो. जळाला तो उजवा. तुझा जोड शाबूत आहे. मी ओढून पाहिला, निघाला नाही.

पण एवढंच लिहून थांबलो तर अर्धं खरं होईल. फ्यूजच्या जागी दादानं तांब्याची तार घातली होती. चालकानं स्वतः मागून घेतली होती, बायका जंगलात अडकल्या होत्या म्हणून. दादानं त्याला पुन्हा बोलावलं होतं, तो आला नाही. नंतर तू जो फोकस लावलास तो त्याच तारेवर बसला. तुला फ्यूजचं ठाऊक नव्हतं, दादाच्या बोटांना ते कळलं नाही. तर चूक कोणाची, याचं उत्तर माझ्याजवळ असं आहे. मी शिकलेला आहे म्हणून याहून सोपं उत्तर काढून देऊ शकलो असतो, ते काढलं नाही. चालकानं मला उंदराचं नाव सांगायला सांगितलं होतं. चांगला माणूस आहे. त्याच्या शर्टाची बटणं चुकीची लागलेली असतात. तू एकदा जाऊन ये. हात आता बघवतील असे आहेत.

टपरीवर जे बोलतात ते खोटं आहे. हे आंधळ्याकडून झालं नाही. दादाचे डोळे चांगले होते तेव्हाचं आहे. डोळे चांगले असलेल्या सगळ्यांनी मिळून केलेलं आहे. हे तुला वाईट वाटेल, मलाही वाटतं. मी त्याला फार मोठा मिस्त्री समजत आलो. तो होताही. त्यानं हे केलं, हेही आहे. मला या दोन्ही गोष्टी एका वेळी धरायला अवघड जात आहे आणि तुला त्याहून जास्त जाईल.

आता दुकानाचं. तू बंद करशील तर तुझ्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. पण बंद केलंस तर या गाड्या कोण उघडणार? दादानं कोणाकोणाला डायरेक्ट करून दिलं ते कुठं लिहिलेलं नाही. ते फक्त तुला आठवू शकतं. कोण कधी आला होता, कोणाचा फ्यूज सारखा उडायचा, ते तू आठव. एकेकाला बोलाव. आधी बॅटरीची तार काढ, मगच पट्टी उघड. तांबं दिसलं की काढून फ्यूज घाल, आणि जोड तुझ्या हातानं नवा मार. ज्याची गाडी असेल त्याला खरं सांग की हे माझ्या नवऱ्यानं केलं होतं आणि ते धोक्याचं आहे. काही जण ओरडतील, काही जण गावभर सांगतील. दादाचं नाव खराब होईल, थोडंफार. पण गाड्या जळत राहिल्या तर ते त्याहून जास्त खराब होईल, आणि ते ऐकायला तो नाही. आपण दोघं आहोत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पूर्ण वेळ तिथे येतो. तोवर दर रविवारी. आल्यावर मला जे जमेल ते काम सांग.

सगळ्यात आधी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, दादानं वायरिंग केलेली जी गाडी आहे, तिला बोलाव. माझं पत्र मिळेल त्याच दिवशी. मालक म्हणेल की गाडी चालू आहे, कशाला उघडता. तू त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याला मुकुटबनला पाठव.

तुझा,
धाकटा